माहिती देणारा : मुलगा

मेलबर्न शहराच्या उत्तर टोकाला क्रेगीबर्न नावाचं उपनगर आहे. माझी मुलगी तिथे राहते. निवृत्तीनंतर मी दोनदा तिच्याकडे जाऊन राहिलो, दोन्ही वेळा तिकडच्या हिवाळ्यात. पहिल्या खेपेला एका रविवारी जावई म्हणाले, “बाबा, चला, इथल्या दरोडेखोराचं घर दाखवतो.” पंधरा-वीस मिनिटांत आम्ही बेव्हरिज नावाच्या गावात पोचलो. कुंपणापलीकडे लाकडी फळ्यांचं एक बुटकं घर आणि काळ्या दगडाचं धुराडं. जॉन केली नावाच्या आयरिश माणसाने १८५९च्या सुमारास ते स्वतः बांधलं. त्याचा मुलगा नेड केली हा ऑस्ट्रेलियातला सर्वांत गाजलेला दरोडेखोर. नांगराच्या फाळांपासून घडवलेलं चिलखत घालून तो पोलिसांशी लढला आणि ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात फाशी गेला. १९०६ साली त्याच्यावर निघालेला चित्रपट हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो.

जावई फोटो काढत होते. माझ्या डोक्यात मात्र भलताच प्रश्न आला : ही जागा कुणाच्या नावावर होती?

याला कारण माझी नोकरी. मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सातबारा, फेरफार, वारस नोंदी यांतच आयुष्य गेलं. कुठलंही घर, कुठलंही शेत दिसलं की मला आधी त्याचा कागद आठवतो. दरोडेखोराच्या गोष्टीत मला विशेष रस नव्हता. पण बारा मुलांना जन्म देणारी, चौतिशीतच विधवा झालेली, कर्जात आणि कज्ज्यांत बुडालेली एक शेतकरीण त्या गोष्टीच्या मागे उभी होती. तिचं नाव एलन केली, नेडची आई. या कुटुंबाचे कागद शोधायचे असं मी ठरवलं. पुढे दोन्ही मुक्कामांतल्या बऱ्याच दुपारी त्यातच गेल्या.

आपल्याकडे वंशावळ हवी असली की लोक नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांकडे जातात. ते लाल कापडात बांधलेली वही काढतात आणि गाव, आडनाव सांगितलं की सहा-सात पिढ्यांची नावं वाचून दाखवतात. ती वही आपल्याच पूर्वजांनी सांगून लिहिलेली असते. आपण कोण, हे आपणच सांगायचं. केलींसारख्या गरीब घराची अशी वही कुणीच ठेवली नव्हती. त्यांच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते सरकारने, आणि सरकारला काम पडलं तेव्हाच.

सुरुवात आयर्लंडपासून करावी म्हटलं, तर तिथे पहिलाच खड्डा लागला. १९२२च्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीला आग लागली. तिथल्या अभिलेखागारात एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचे कागद होते, ते जवळजवळ सगळे जळाले. इमानेइतबारे शेती करून मेलेली लाखो आयरिश माणसं त्या दिवशी कागदावरून पुसली गेली. जॉन केली मात्र शिल्लक राहिला, कारण त्याने चोरी केली होती. टिपररी परगण्यातल्या या तरुणाला दोन डुकरं चोरल्याबद्दल १८४१ साली सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ‘प्रिन्स रीजंट’ नावाच्या जहाजाने २ जानेवारी १८४२ रोजी त्याला होबार्टला, म्हणजे आजच्या टास्मानियात, आणून सोडलं.

टास्मानियाच्या सरकारने या कैद्यांची दप्तरं जपून ठेवली आहेत. त्यांतले पुष्कळ कागद आज घरबसल्या फुकट पाहता येतात. २००७ साली युनेस्कोने ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या दप्तरांना जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत घेतलं. कैद्याची उंची, केसांचा नि डोळ्यांचा रंग, अंगावरचे वण, कुठल्या मालकाकडे कामाला दिलं, किती वेळा शिक्षा झाली, असं सगळं त्यांत असतं. माझ्या पणजोबांची उंची मला ठाऊक नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका डुक्करचोराची मात्र कुणालाही कळू शकते. एके काळी तिथली घराणी असा पूर्वज असल्याचं लपवत असत. आता नातवंडं हौसेने त्याचा कागद चौकटीत घालून भिंतीवर लावतात.

एलनचं कुटुंब दुसऱ्या वाटेने आलं. तिचे वडील जेम्स क्विन अँट्रिम परगण्यातले. तेही १८४१ सालीच, पण सरकारी मदतीने वसाहतीत आणलेल्या मजुरांच्या जहाजातून आले. जहाजाचं नाव ‘इंग्लंड’. एलन तेव्हा नऊ वर्षांची असावी. शिक्षा संपल्यावर जॉन केली समुद्र ओलांडून मेलबर्नकडे आला, क्विनच्या शेतावर कामाला लागला, आणि १८ नोव्हेंबर १८५० रोजी मेलबर्नच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याने अठरा वर्षांच्या एलनशी लग्न केलं. चर्चच्या नोंदवहीमुळे ही तारीख पक्की आहे.

यानंतरचा कागद मिळायला हवा होता, पण मिळत नाही. तो म्हणजे नेडच्या जन्माचा. व्हिक्टोरियात १ जुलै १८५३ पासून जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. नेड त्यानंतर दीड-दोन वर्षांनी जन्मला, तरी त्याची ना जन्मनोंद सापडली, ना बाप्तिस्म्याची. खेड्यातला बाप नोंद करायला पायपीट करत गेला नसेल, यात मला तरी नवल वाटलं नाही. मग त्याचं वय कळतं कसं? १८६५च्या मार्चअखेर ॲव्हनेलच्या शाळेत तपासणीला आलेल्या निरीक्षकाने आपल्या टिपणवहीत पोरांची वयं लिहिली. त्यात नेड दहा वर्षं तीन महिन्यांचा आहे. म्हणजे जन्म डिसेंबर १८५४चा. काही अभ्यासक जून १८५५ म्हणतात.

हे वाचताना मला हसू आलं. आपल्याकडे माझ्या पिढीतल्या अर्ध्या लोकांची जन्मतारीख १ जून आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी लिहिली तीच. सरकारी नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळं त्या तारखेवर चाललं. तेव्हा मास्तराच्या वहीवरून माणसाचं वय ठरवणं मला अगदी घरचं वाटलं. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की निरीक्षकाला वय कुणी सांगितलं, ते वहीत नाही.

जनगणनेचा आधार घ्यावा, तर तोही नाही. ऑस्ट्रेलियात जनगणनेचे घरोघरचे अर्ज आकडे काढून झाल्यावर बहुतांशी नष्ट करण्याची पद्धत होती. इंग्लंडमधल्या माणसाला १८५१, १८६१ अशा दर दहा वर्षांनी आपलं कुटुंब एका छताखाली सापडतं. ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याला ती सोय नाही. म्हणून तिकडे कुटुंबाचा इतिहास शोधणारे सगळे मृत्यूच्या नोंदींवर तुटून पडतात.

आणि व्हिक्टोरियाची मृत्यूची नोंद पाहून मी थक्क झालो. आपल्या ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या दाखल्यात किती ओळी असतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या नोंदीत मृताचं नाव, वय, धंदा, मृत्यूचं कारण, आजार किती दिवसांचा, डॉक्टर कोण, आईवडील कोण, जन्म कुठला, वसाहतीत येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कुणाशी, आणि मुलांची नावं वयांसह, इतकं सगळं विचारलेलं आहे. एका माणसाच्या मरणाच्या कागदावर तीन पिढ्या. तीस वर्षांपूर्वीच्या मृत्यूच्या, साठ वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या आणि शंभर वर्षांपूर्वीच्या जन्माच्या नोंदींची नक्कल तिथे कुणीही शुल्क भरून मिळवू शकतो.

पण तलाठ्याची नजर खाली जाते. एका रकान्यात असतं : माहिती देणारा कोण? आमच्या भाषेत वर्दी देणारा. कुठल्याही फेरफारात मी आधी तेच बघायचो, कारण नोंदीतला खरेपणा वर्दी देणाऱ्याइतकाच असतो. सुनेने दिलेली सासऱ्याच्या जन्मगावाची माहिती आणि भावाने दिलेली, यांत फरक पडतो.

जॉन केली २७ डिसेंबर १८६६ रोजी ॲव्हनेलला जलोदराने वारला. कुटुंब १८६४ साली बेव्हरिज सोडून तिथे चाळीस एकर खंडाने कसायला आलं होतं. १८६५च्या मे महिन्यात त्याच्या घरात चोरीच्या जनावराचं कातडं सापडलं. पंचवीस पाउंड दंड किंवा सहा महिने सक्तमजुरी. पंचवीस पाउंड कुठून आणणार? तुरुंगातून आला तो दारूत आणि आजारात संपला. त्याच्या मृत्यूच्या नोंदीत माहिती देणाऱ्याच्या जागी नाव आहे एडवर्ड केली, मुलगा. एडवर्ड म्हणजेच नेड. वय बारा, फार तर अकरा.

शाळेत शिकलेल्या अक्षराने हा पोरगा बापाच्या मरणाची वर्दी द्यायला गेला. नेड केलीवर शेकडो पुस्तकं आहेत, पण मला त्याची ओळख झाली ती या रकान्यात.

आता थोडं माझ्याबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. माझे वडील वारले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, धाकटा भाऊ सहाचा. चार एकर जिरायत जमीन. वारस नोंदीत आम्हा दोघांची नावं लागली आणि पुढे ‘अ. पा. क. आई’ असा शेरा. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. आम्ही सज्ञान झाल्यावर ‘अ. पा. क. शेरा कमी केला’ असा दुसरा फेरफार झाला आणि त्याबरोबर आईचं नाव सातबाऱ्यावरून गेलं. कायद्याने तीही वारस होती. ते कुणी तिला सांगितलं नाही, आम्हीही नाही. पुढे मी तलाठी झालो आणि तसल्या नोंदी शेकड्यांनी लिहिल्या. कुणा बाईने येऊन तक्रार केल्याचं आठवत नाही.

तर एलन केली. नवरा गेला तेव्हा तिच्या पदरात सात मुलं होती. ती उत्तरेला ग्रेटा नावाच्या गावी आपल्या बहिणींच्या आसऱ्याने गेली. तिथे १८६८च्या जानेवारीत तिचा दीर जेम्स केली याने दारूच्या नशेत घर पेटवून दिलं. न्यायमूर्ती रेडमंड बॅरी यांनी त्याला फाशी सुनावली, ती नंतर पंधरा वर्षांच्या सक्तमजुरीवर आली. हे नाव ध्यानात ठेवा, बॅरी पुन्हा येणार आहेत. त्याच वर्षी एलनने इलेव्हन माइल क्रीक या ओढ्याजवळ अठ्ठ्याऐंशी एकरांचा तुकडा घेतला.

इथे मी माझ्या मातीत आलो. व्हिक्टोरियाच्या सरकारी अभिलेखागाराची वाचनशाळा उत्तर मेलबर्नला शील स्ट्रीटवर आहे. फुकटात वाचक म्हणून नाव नोंदवायचं, आधी मागणी करायची, पिशवी बाहेर ठेवायची आणि फक्त शिसपेन्सिल घेऊन आत बसायचं. तिथे त्या काळच्या जमीनवाटपाच्या हजारो फायली आहेत. केलींबद्दलचे पुष्कळ कागद आता संगणकावरही दिसतात, पण शेजारपाजारच्या शेतकऱ्यांच्या फायली मी मुद्दाम हातात घेऊन पाहिल्या. त्याशिवाय एलनचं जगणं नेमकं कसं होतं ते कळलं नसतं.

पद्धत अशी. तोवर सगळी चांगली जमीन स्क्वॉटर म्हणवणाऱ्या बड्या मेंढीवाल्यांच्या ताब्यात होती. १८६० नंतर लागोपाठ कायदे होऊन ती लहान शेतकऱ्यांना खुली झाली. १८६९च्या कायद्यात अठरा वर्षांवरच्या कुणालाही ३२० एकरांपर्यंत जमीन निवडता येई. तीन वर्षांचा परवाना, दर एकरी वर्षाला दोन शिलिंग. त्या तीन वर्षांत तिथे राहायचं, कुंपण घालायचं, दहा एकरांत एक एकर नांगराखाली आणायची आणि एकरी एक पाउंडाची सुधारणा दाखवायची. मगच पुढचा भाडेपट्टा, आणि एकूण एकरी एक पाउंड भरल्यावर मालकी. विवाहित बाईला जमीन निवडायचा हक्क नव्हता. विधवेला होता.

या फायली म्हणजे आमचा सातबारा, पंचनामा आणि पीकपाहणी एकत्र बांधलेली. किती साखळी कुंपण, कुठल्या लाकडाचं, झोपडी किती फूट लांब-रुंद, छप्पर सालीचं की पत्र्याचं, विहीर खोदली का, गहू किती एकर, उतारा किती बुशेल. आणि मध्येमध्ये मुदत मागणारी पत्रं : पाऊस झाला नाही, गव्हाला तांबेरा लागला, नवरा आजारी आहे, सहा महिने द्या. ती पत्रं वाचताना मी किती वेळा चष्मा पुसला ते सांगत नाही. आमच्या चावडीतले तगाईचे अर्ज आणि ते अर्ज यांत अक्षराचा फरक नाही. लबाडीही तीच. बडे स्क्वॉटर आपल्या गड्यांच्या, नातेवाइकांच्या नावाने पाणवठ्याकाठचे तुकडे उचलत. त्याला तिकडे ‘डमी’ म्हणत, आपण बेनामी म्हणतो. म्हणून फाईलवर नाव दिसलं की कसणारा तोच, असं धरून चालत नाही. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

गावनकाशेही आहेत. प्रत्येक तुकड्यावर पहिल्या घेणाऱ्याचं नाव वळणदार अक्षरात. त्याआधीचा भोगवटादार कोण, असा रकानाच नाही. बेव्हरिजच्या बाजूला वुरुंजेरी आणि ॲव्हनेलच्या बाजूला टौंगुरुंग लोक हजारो वर्षं राहत होते. नकाशा कोऱ्या कागदावर सुरू होतो. मोजणी झालेल्या कुठल्याही मुलखात पहिला फेरफार कुणाला बाहेर ठेवून झाला ते शोधावं लागतं. तिथे तर शोधायलाही नको, पांढरा कागदच पुरावा आहे.

अठ्ठ्याऐंशी एकर ऐकायला पुष्कळ वाटतात. पण ग्रेटाच्या त्या मातीत गहू धड येत नव्हता. एलन वाटसरूंना मुक्कामाला जागा देई, चोरून दारू विकत असे. हेही पोलिसांच्या कागदांवरूनच कळतं. १८७० साली तिला बिल फ्रॉस्ट नावाच्या माणसापासून मुलगी झाली. तो लग्नाचं वचन देऊन गेला. एलनने पुढच्या वर्षी त्याला बेनालाच्या कोर्टात खेचलं आणि पोटगीचा हुकूम मिळवला. ‘पोलिसांच्या डोळ्यांत सलणारी बाई’ एवढीच तिची ओळख पुस्तकांत असते. या एका कागदावर ती फिर्यादी आहे.

१९ फेब्रुवारी १८७४ रोजी तिने जॉर्ज किंग नावाच्या पंचवीस वर्षांच्या कॅलिफोर्नियन तरुणाशी लग्न केलं. ती बेचाळीसची. मी शेजारी तुरुंगाची नोंद ठेवून पाहिली : नेड २ फेब्रुवारी १८७४ला सुटला होता. मधे सतरा दिवस. मुलगा घरी यायची ती वाट पाहत होती का? कागद तसं म्हणत नाही. मी फक्त दोन तारखा शेजारी मांडतो.

असे कागद शेजारी मांडणं हेच या कामातलं मुख्य कसब. नेडच्या त्या शिक्षेचंच पाहा. एकट्या तुरुंगाच्या नोंदीवरून दिसतं : १८७१, घोड्याच्या प्रकरणात तीन वर्षं. वाचणारा म्हणतो, घोडेचोर. पण घोडी पळवली गेली तेव्हा नेड आधीच्या गुन्ह्यात तुरुंगात होता. ते लक्षात आल्यावर चोरीचा आरोप बदलून चोरीचा माल स्वीकारल्याचा झाला. घोडी घेऊन आलेल्या वाइल्ड राइटला दीड वर्ष, आणि त्याच्याकडून ती घेणाऱ्या सोळा वर्षांच्या नेडला तीन. तुरुंगाच्या वहीत उंची, वण, धर्म, जहाज सगळं आहे. हा हिशेब नाही.

दुसरी अडचण नावांची. या घरात थोरला जेम्स क्विन, धाकटा जेम्स क्विन, घर पेटवणारा जेम्स केली आणि नेडचा भाऊ जेम्स केली असे चार जेम्स. फ्रॉस्टपासूनची एलन लहानपणी वारल्यावर पुढच्या मुलीचं नाव पुन्हा एलनच ठेवलं, म्हणजे आईसकट तीन एलन. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ट्रोव्ह’ या नावाने जुनी वर्तमानपत्रं संगणकावर फुकट खुली केली आहेत. ती एक विलक्षण देणगी आहे. पण तिथे ‘केली’ म्हणून शोधलं की हजारो केली येतात आणि पुसट छपाईमुळे खरा केली भलत्याच स्पेलिंगखाली दडलेला असतो. मी एक अख्खा आठवडा दुसऱ्याच कुणा जॉन केलीच्या मागे घालवला. त्याची बैलं हरवली होती.

१५ एप्रिल १८७८ची संध्याकाळ. फिट्झपॅट्रिक नावाचा शिपाई धाकट्या डॅनला घोडेचोरीसाठी पकडायला एलनच्या घरी एकटाच आला. वॉरंट जवळ नव्हतं. त्याचं म्हणणं, नेडने माझ्यावर गोळी झाडली, एलनने डोक्यात फावडं घातलं. केलींचं म्हणणं वेगळं. ऑक्टोबरमध्ये बीचवर्थला खटला चालला. एलन, तिचा जावई आणि एक शेजारी खुनाच्या प्रयत्नाला साथ दिल्याबद्दल दोषी ठरले. पुरुषांना सहा वर्षं, एलनला तीन. तिच्या मांडीवर ॲलिस नावाची तान्ही मुलगी होती. न्यायमूर्ती तेच, रेडमंड बॅरी. फिट्झपॅट्रिकला दोन वर्षांच्या आत पोलीस दलातून काढून टाकलं, पण शिक्षा तशीच राहिली.

पुढची गोष्ट तिकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. २६ ऑक्टोबर १८७८ रोजी स्ट्रिंगीबार्क ओढ्याजवळ केली टोळीने केनेडी, लोनिगन आणि स्कॅनलन हे तीन पोलीस मारले. केनेडी आणि लोनिगनच्या मागे बायका आणि लहान मुलं होती. त्या विधवांचेही कागद आहेत, आणि केलींच्या बाजूने लिहिणारे ते उघडत नाहीत. १८७९ साली सरकारने ऐंशीहून अधिक माणसांची यादी केली, केलींचे नातलग नि सहानुभूतीवाले म्हणून, आणि त्यांना त्या डोंगराळ भागात जमीन द्यायची नाही असं ठरवलं. महसुली माणूस म्हणून सांगतो, तीन वर्षांच्या तुरुंगापेक्षा शेतकऱ्याला ही शिक्षा मोठी.

१८७९च्या फेब्रुवारीत जेरिल्डरी गावची बँक लुटताना नेडने आपलं म्हणणं छापून आणायचा प्रयत्न केला. जो बर्न या साथीदाराच्या हातून लिहवलेलं छप्पन्न पानांचं पत्र. विरामचिन्हं जवळजवळ नाहीत, शिव्या भरपूर, आणि मधूनमधून आईच्या तुरुंगवासाबद्दलचा संताप उसळतो. या सगळ्या कागदांत घरातल्या माणसाने स्वतः बोललेला मोठा कागद हा. पत्र त्या वेळी कुणी छापलं नाही. आता ते मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयात आहे, आणि नेडचं चिलखतही. ते ग्रंथालय उभारण्यात पुढाकार रेडमंड बॅरींचा. पायऱ्यांसमोर त्यांचा पुतळा आहे. त्यांनीच नेडला फाशी सुनावली आणि नेडनंतर बाराव्या दिवशी तेही वारले. मी दर खेपेला त्या पुतळ्याखालून आत जायचो.

नेडला फाशी दिली तेव्हा त्याच इमारतीत एलन कैदी होती. १८८१च्या फेब्रुवारीत ती सुटली. घोड्यावरचं कसब दाखवून नाव काढलेली मुलगी केट १८९८ साली न्यू साउथ वेल्समध्ये बुडून मेली. म्हातारपणी एलनला मुलगा जिमने सांभाळलं. १९११ साली सिडनीच्या एका पत्रकाराने ग्रेटाला येऊन तिची मुलाखत घेतली. ती २७ मार्च १९२३ रोजी, नव्वदी ओलांडून गेली.

कागदांचं एवढं सगळं झाल्यावर एक पुरावा राहतो, तो कागद नाही. नेडचं प्रेत तुरुंगाच्या आवारात पुरलं होतं. १९२९ साली ती जागा खणल्यावर हाडं पेंट्रिज तुरुंगात हलवली आणि कुठली कुणाची हे कळेनासं झालं. २००९ साली ती पुन्हा बाहेर काढली आणि २०११ साली ओळख पटली. पेशीतला एक डीएनए फक्त आईकडून मुलांना येतो. मुलगे तो घेतात, पण पुढे देत नाहीत. देतात त्या मुली. नेडच्या बहिणीच्या वंशातल्या एका गृहस्थाच्या रक्ताशी तो जुळवला. म्हणजे जुळवला तो एलनचाच. २० जानेवारी २०१३ रोजी नेडला ग्रेटाच्या दफनभूमीत पुरलं, आईजवळ. मी ती दफनभूमी पाहून आलो. गव्हाळ गवत, थोडी निलगिरीची झाडं, वारा. केलींच्या कबरी ओळखता येतील अशी खूण कुठे नाही.

परत आल्यावर मी पुतण्याला आमच्या वडिलांच्या वारस नोंदीची जुनी नक्कल काढायला सांगितलं. आठ दिवसांनी त्याने फोनवर फोटो पाठवला. मोडी वळणाचं देवनागरी अक्षर, शाई उडालेली. वर्दी देणाराच्या जागी माझ्या चुलत्याचं नाव असणार, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. तिथे आईचं नाव होतं, आणि शेजारी डाव्या हाताचा अंगठा. चावडी आमच्या वस्तीपासून चार मैलांवर होती.